ट्रायकोकार्डाच्या घरगुती कार्यशाळेचे छत : उष्णता रोखताना घ्यावयाची काळजी

भाताच्या शेतात लावलेल्या ट्रायकोकार्डातून परोपजीवी कीटक पुरेसे बाहेर पडले नाहीत, किंवा बाहेर पडूनही पाने गुंडाळणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव घटला नाही, अशी तक्रार विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी अधूनमधून येते. तिचे कारण बहुधा शेतात शोधले जाते. कार्ड उशिरा लावले, शेजारच्या बांधीत फवारणी झाली, पाऊस आला, मुंग्यांनी अंडी खाल्ली, ही कारणे पुष्कळदा खरीही असतात. कार्ड ज्या खोलीत तयार झाले त्या खोलीच्या छताकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. घराच्या मागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या लहान उत्पादन केंद्रांत उन्हाळ्यातील अपयशाचे मूळ पुष्कळदा या छतातच असते. शिवाय ते दुरुस्त करताना केलेली घाई मूळ दोषापेक्षा अधिक महाग पडू शकते.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी तमिळनाडूतील आडुतुरैचे उदाहरण उपयुक्त आहे. कुंभकोणमजवळ, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या या गावी १९२२ मध्ये भात संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तमिळनाडू भात संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, आणि एडीटी ३६, एडीटी ४३, एडीटी ४५ यांसारख्या वाणांच्या नावातील 'एडीटी' ही अक्षरे याच गावाची आहेत. या भागातील 'कुरुवै' हा अल्पावधीचा भात हंगाम मेट्टूर धरणाच्या पाण्याशी बांधलेला आहे. धरणातून पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून ही होय. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार पिवळ्या खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा जॅपोनिकम लागवडीनंतर ३० व ३७ दिवसांनी आणि पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी ट्रायकोग्रामा चिलोनिस ३७, ४४ व ५१ दिवसांनी सोडावयाचे असते. प्रत्येक वेळी हेक्टरी ५ सीसी, म्हणजे सुमारे १ लाख परोपजीवी कीटक लागतात.

आता हे दिवस उलटे मोजावेत. जूनअखेरीस लावणी झालेल्या कुरुवै भातात पहिले कार्ड जुलैच्या शेवटी लागते. अंड्यांत परोपजीवी वाढण्यास ७ ते ८ दिवस जातात. त्यासाठी लागणारी यजमान अंडी कोरसायरा म्हणजे तांदळावरील पतंगाची असतात, आणि ट्रे भरल्यापासून पहिले पतंग निघण्यास सुमारे ४० दिवस लागतात. म्हणजे ट्रे जूनच्या पूर्वार्धात भरावे लागतात आणि त्यांच्यासाठी अंडी पुरवणारी मूळ वसाहत एप्रिल-मे महिन्यांत जिवंत व सशक्त ठेवावी लागते. तमिळ पंचांगात ज्याला 'अग्नी नक्षत्रम्' म्हणतात, तो मे महिन्यातील कडक उन्हाचा काळ नेमका याच वेळी येतो. आपल्याकडचे शेतकरी ज्या दिवसांत सूर्याच्या कृत्तिका नक्षत्राचा उल्लेख करतात, तेच हे दिवस.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी नाही, काही बाबतींत अधिक कठीणच आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भातपट्ट्यात मे महिन्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि जुलैच्या रोवणीसाठी लागणारी वसाहत त्याच उन्हातून पार करावी लागते. सुरू उसातील खोडकिडीसाठी तर एप्रिल ते जून याच काळात कार्डे प्रत्यक्ष शेतात लागतात.

उष्णतेने नेमके काय बिघडते

कोरसायरा पतंगास २८ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान सर्वांत मानवते. तापमान ३५ अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिल्यास अळ्या मरतातच असे नाही. म्हणूनच नुकसान लवकर उमगत नाही. ट्रेमध्ये जाळी दिसते, पतंगही निघतात, परंतु माद्या कमी अंडी घालतात आणि नरांची प्रजननक्षमता घटल्यामुळे त्यांतील बरीच अंडी वांझ राहतात. पतंगवर्गीय कीटकांत उष्णतेचा पहिला आघात बहुधा नरांवर होतो.

ट्रायकोग्रामाच्या बाबतीत हा आघात अधिक कपटी आहे. या गांधीलवर्गीय कीटकांत फलित अंड्यापासून मादी आणि अफलित अंड्यापासून नर निपजतो. उष्णतेने शुक्राणू निकामी झाले की अंडी अफलित राहतात आणि पुढील पिढीत नरांचे प्रमाण वाढते. कार्डावरील अंडी नेहमीप्रमाणे काळी पडतात, त्यांतून कीटकही बाहेर येतात. पाहणाऱ्यास कार्ड उत्तम वाटते. परंतु शेतातील किडीची अंडी शोधून त्यांत आपले अंडे घालण्याचे काम केवळ मादी करते. नरांनी भरलेले कार्ड शेतात लावणे म्हणजे रिकामे कार्ड लावण्यासारखेच. याखेरीज अति उष्णतेत वाढलेल्या कीटकांचे पंख आखूड किंवा वेडेवाकडे राहतात आणि ते कार्डाजवळच घोटाळतात. उष्णता सहन करणारा ट्रायकोग्रामा चिलोनिसचा वाण बंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेला आहे, पण ज्या कोरसायराच्या अंड्यांवर तो वाढवायचा त्या बिचाऱ्या पतंगाची सहनशक्ती त्यामुळे वाढत नाही. वाण बदलून छताचा प्रश्न सुटत नाही, तो असा.

पत्र्यातून किती उष्णता उतरते

भर दुपारी निरभ्र आकाशात प्रत्येक चौरस मीटर छपरावर सुमारे १,००० वॅट सौर ऊर्जा पडते. गंजू लागलेला किंवा मळलेला पत्रा तिच्यातील मोठा भाग शोषून ६० अंशांपर्यंत सहज तापतो. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोली, ६० अंशांचा पत्रा आणि आत ३५ अंशांची हवा असे धरून ढोबळ हिशेब केला, तर उघड्या पत्र्यातून खोलीत सुमारे १,९०० वॅट उष्णता उतरते. १,००० वॅटच्या दोन शेगड्या छताला उलट्या टांगून दिवसभर चालू ठेवाव्यात, तसा हा प्रकार होतो. अशा खोलीत पंखा लावल्याने माणसास बरे वाटते कारण त्याचा घाम वाळतो. ट्रेमधील अळीस घाम येत नाही, तिला पंख्याचा उपयोग नाममात्रच.

याच पत्र्याखाली २५ मिलिमीटर जाडीचा थर्मोकोल बसवला तर उष्णतेचा हा ओघ साधारण ३५० वॅटवर येतो. जाडी दुप्पट म्हणजे ५० मिलिमीटर केली तर तो १९० वॅटच्या आसपास राहतो, आणि १०० मिलिमीटर केली तर सुमारे १००. पहिल्या २५ मिलिमीटरने १,५०० वॅटहून अधिक उष्णता अडवली, पुढच्या ७५ मिलिमीटरने मिळून केवळ अडीचशे. जाड थरावर पैसे घालण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात ठेवावा. ५० मिलिमीटरपर्यंतची जाडी लहान कार्यशाळेस पुरेशी होते आणि उरलेला खर्च फटी बुजवण्यावर केलेला अधिक फळतो.

त्याहूनही आधी करावयाचे काम पत्र्याच्या वरच्या बाजूस आहे. पांढरा परावर्तक रंग किंवा चुन्याचा दाट हात दिलेला पत्रा बरेचसे ऊन परत फेकतो आणि त्याचे तापमानच खाली राहते. तोच पत्रा ४५ अंशांवर राहिला तर कोणत्याही अस्तराशिवाय खोलीत उतरणारी उष्णता साडेसातशे वॅटपर्यंत घटते. चुना पहिल्या पावसात धुपतो हे खरे, पण तो उन्हाळ्यापुरताच हवा असतो. दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचा हात देणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा उपाय पत्र्यावर सावली करण्याचा. कावेरी खोऱ्यात विणलेल्या नारळाच्या झावळ्या छपरावर घालण्याची रीत जुनी आहे. कोकणात त्यांनाच झापे म्हणतात. मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट, विदर्भात तणस हाच आधार. पत्र्यापासून वीतभर वर बांबूच्या सांगाड्यावर हा थर दिला की पत्र्यावर ऊन पडतच नाही आणि मधल्या पोकळीतून वारा वाहता राहतो. घट्ट बांधलेल्या कोरड्या तणसाचा १० सेंटिमीटरचा थर उष्णतारोधनात ५० मिलिमीटर थर्मोकोलच्या तोडीचा ठरतो. अट एकच, तो कोरडा हवा. उष्णता अडवण्याचे काम तणस करत नाही, तणसात अडकलेली स्थिर हवा करते. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे भिजलेले तणस केवळ ओझे होऊन बसते.

छतात कोणाला आश्रय मिळतो

येथवर सांगितलेले कोणत्याही घरगुती कार्यशाळेस लागू पडावे. सुतारकामाची खोली असो किंवा यंत्रदुरुस्तीची, पत्र्याचे भौतिकशास्त्र बदलत नाही. कीटकपालनाच्या खोलीत मात्र एक बाब मुळातच निराळी आहे. येथे किडीची एक वसाहत मुद्दाम वाढवली जाते आणि तिचे शत्रू छताच्या पोकळीत राहावयास केव्हाही तयार असतात.

यांतील पहिला शत्रू ब्रेकॉन हेबेटर. दोन-तीन मिलिमीटर लांबीचा हा परोपजीवी शेतात आणि गोदामात शेतकऱ्याचा मित्र आहे. कोरसायराच्या खोलीत तो शिरला तर तोच काळ ठरतो. मादी अळीला दंश करून पंगू करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. ती जितक्या अळ्यांवर अंडी घालते त्यांहून कितीतरी अधिक अळ्या नुसत्या दंशाने निकामी करून टाकते. काही आठवड्यांत संपूर्ण मांडणीवरील ट्रे बसतात. दुसरा उपद्रव तांबडा पिठातील भुंगेरा, जो भरड्यात शिरून अंडी खातो. तिसरा कोळी, ज्यासाठी भरड्यात पाण्यात मिसळणारे गंधक मिसळण्याची प्रथा आहे.

या तिघांना छताशी जोडणारा दुवा म्हणजे भाताचे अवशेष. तणसात पोचट दाण्यांबरोबर काही भरलेले दाणेही राहतात. गिरणीतून आणलेल्या तुसात कोंडा आणि कणी मिसळलेली असते. कोरसायरास 'तांदळावरील पतंग' हे नाव उगाच मिळालेले नाही. असे तूस पत्र्याखाली, पोटमाळ्यावर पसरले की त्यात रानटी कोरसायरा, सुरसे आणि भुंगेरे वाढू लागतात. त्यांच्या मागोमाग ब्रेकॉन येतो आणि छतातील फटींतून खाली ट्रेवर उतरतो. उष्णता कमी करण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने शत्रूची कायमची छावणी ठरतो. म्हणून तणस, पाचट, झापे ही सामग्री पत्र्याच्या वर, मोकळ्या हवेत वापरावी. पत्र्याच्या खाली, खोलीच्या बाजूस ती कधीही आणू नये. उंदरांचा विचार केला तरी हाच नियम निघतो.

तूस जाळून उरलेली राख हा पर्याय काही जण सुचवतात. तिच्यात किडीस खाण्याजोगे काही उरत नाही आणि हलकी असल्याने ती उष्णताही चांगली अडवते. पण या राखेतील बारीक सिलिका कीटकाच्या अंगावरील मेणाचा थर खरवडते आणि त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते. धान्य साठवताना राख मिसळण्याच्या जुन्या पद्धतीमागचे शास्त्र हेच. छताच्या सांध्यांतून अशी राख पतंगांच्या पिंजऱ्यावर भुरभुरू लागली तर जे धान्यातील किडीचे होते तेच पाळलेल्या कीटकांचे होईल. राख वापरावयाचीच तर ती शिवलेल्या, आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या पोत्यांत भरूनच वापरावी.

थर्मोकोलमध्ये पोषण नसते. तरी मुंग्या त्यात बोगदे करतात आणि काही भुंगेरे कोशावस्थेसाठी ते पोखरतात, त्यामुळे त्याच्या कडा फॉइलच्या पट्टीने बंद कराव्यात. ग्लासवूल कीटकांना आवडत नाही, परंतु त्याचे तंतू श्वासातून जाऊ नयेत म्हणून तेही पूर्ण झाकलेले हवे. कोरसायराच्या खोलीत पतंगांच्या पंखांवरील खवल्यांची धूळ आधीच भरपूर असते. तिच्यामुळे काम करणाऱ्यांना शिंका, खोकला, प्रसंगी दमाही होतो. त्यात आणखी तंतूंची भर नको.

सर्वांत घातक चूक लाकूड आणि बांबूच्या बाबतीत घडते. वाळवी व बांबू पोखरणारे भुंगेरे यांच्यापासून बचावासाठी छताच्या सांगाड्याला क्लोरपायरीफॉससारखे कीटकनाशक फासले जाते. बाजारातील काही प्लायवूडही कीडरोधक प्रक्रिया करून येते. घराच्या इतर खोल्यांत हे चालेल, येथे चालत नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा ट्रायकोग्रामा कीटकनाशकाच्या अंशमात्र वाफेसही बळी पडतो, आणि तापलेल्या पत्र्याखाली ही वाफ महिनोन्‌महिने निघत राहते. बांबू वापरायचा असेल तर तो वाहत्या पाण्यात मुरवून वाळवलेला, किंवा बोरिक अॅसिड व बोरॅक्सच्या द्रावणात भिजवून वाळवलेला घ्यावा. बोरॉनची संयुगे हवेत उडत नाहीत. लोखंडी चौकट परवडत असेल तर हा प्रश्नच मिटतो.

नवे छत बसवल्यावर, रंगाचा वासही पूर्ण गेल्यावर, वसाहत आत आणण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. नुकतेच बाहेर पडलेले ट्रायकोग्रामा दोन नळ्यांत घेऊन तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. आत मधाचा बारीक ठिपका द्यावा. एक नळी नव्या छताखाली व दुसरी घरातील अन्य खोलीत २४ तास ठेवावी. दोन्हींतील तापमान सारखे असूनही पहिल्या नळीतील कीटक लक्षणीय प्रमाणात मेले, तर खोली अजून तयार नाही असे समजावे.

आगीचा विचार

झापांच्या छपराविषयी लिहिताना कुंभकोणमचे नाव आले की एक दिवस आठवल्यावाचून राहत नाही. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत स्वयंपाकघरातून उठलेली आग झापांच्या छपराला लागली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर तमिळनाडूत शाळांवरील अशी छपरे काढून टाकण्यात आली. आडुतुरै तेथून काही किलोमीटरवर आहे, आणि स्वस्त व थंड म्हणून झापांची शिफारस करणाऱ्या कोणालाही त्या भागात हे विसरता येत नाही. आपल्यालाही विसरता येऊ नये.

कीटकपालनाच्या खोलीत आगीची कारणे नेहमीपेक्षा अधिक असतात. अंड्यांतील भ्रूण निष्क्रिय करण्यासाठी अतिनील प्रकाशाची नळी चालते, शीतकपाट अहोरात्र चालू असते, आणि तारांची जोडणी पुष्कळदा तात्पुरत्या स्वरूपाची असते. यासाठी पत्र्यावरील तणस किंवा झापे चुलीच्या धुराड्यापासून आणि विजेच्या तारांपासून दूर हवीत. खोलीचे दार छपराच्या कडेखाली असेल तर निदान त्या बाजूस झापांऐवजी हिरवी शेडनेट वापरावी. खोलीत दुसरे दार किंवा मोठी खिडकी असणे चांगले. थर्मोकोल पेटल्यावर वितळून जळते थेंब खाली टाकतो, म्हणून तो खालून उघडा ठेवू नये. सिमेंट फायबर बोर्ड किंवा तत्सम न जळणाऱ्या पाटीने तो झाकावा. विजेच्या तारा अस्तरात पुरू नयेत. अस्तराने वेढलेली तार स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि तिचे आवरण वितळते. तारा बोर्डाच्या खालून, नळीतून न्याव्यात.

छत ही सीमारेषा

ग्रामीण घरांत खोल्यांमधील भिंत पुष्कळदा आढ्यापर्यंत जात नाही. भिंत संपते आणि वर पत्रा सलग राहतो. हवा खेळण्यासाठी ही रचना उत्तम. परंतु एका खोलीत कोरसायरा आणि शेजारच्या खोलीत ट्रायकोग्रामा वाढवायचा असेल तर हीच मोकळी जागा घातक ठरते. सुटलेले ट्रायकोग्रामा प्रकाशाच्या दिशेने वर जातात, भिंतीवरून पलीकडे उतरतात आणि ज्या अंड्यांतून पुढील वसाहत उभी राहायची त्याच अंड्यांवर परोपजीवन करतात. पुढचे ट्रे भरण्यासाठी राखून ठेवलेली अंडी काळी पडू लागली, तर हे घडले आहे असे समजावे.

नवे छत बसवताना हा दोष आपोआप दूर करता येतो. दोन्ही खोल्यांचे छत स्वतंत्र, भिंतीस घट्ट टेकलेले आणि सांधे सिलिकोन किंवा पुट्टीने बुजवलेले असावे. जुन्या वाड्यांतील लाकडी तक्तपोशी दिसायला देखणी असते, पण तिच्या फळ्यांमधील फटी या कामास योग्य नाहीत. आतील पृष्ठभाग गुळगुळीत व ओल्या फडक्याने पुसता येईल असा हवा, कारण त्यावर पतंगांचे खवले आणि अळ्यांचे रेशमी धागे जमतात. पूर्ण वाढलेल्या कोरसायरा अळ्या कोशासाठी ट्रे सोडून वर चढतात आणि छतातील पहिल्या खाचेत कोश करतात. ती खाच मिळू न देणे हेच छताच्या कारागिरीचे खरे काम आहे. पत्रा आणि अस्तर यांमधील पोकळी हवेशीर राहावी म्हणून दोन्ही टोकांस झरोके ठेवावेत व त्यांना ४० मेशची नायलॉन जाळी लावावी. ब्रेकॉन तिच्यातून येऊ शकत नाही. ट्रायकोग्रामा जाऊ शकतो, म्हणूनच दोन खोल्यांचे झरोके एकाच बाजूस समोरासमोर नसावेत.

रात्रीचा प्रश्न

उष्णतारोधक छताबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की ते खोली थंड करते. ते थंड करत नाही, केवळ उष्णतेची ये-जा मंदावते. आत उष्णता निर्माण होत असेल तर तीही आतच अडकते. कोरसायराच्या वाढलेल्या अळ्या स्वतः बरीच उष्णता सोडतात. भरलेल्या ट्रेमध्ये बोट घातले तर भरडा खोलीहून उबदार लागतो. उघड्या पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते पण सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते. तीच खोली उत्तम अस्तर लावून, दारे-खिडक्या बंद ठेवून चालवली तर रात्री पूर्वीपेक्षा अधिक उबदार राहू शकते. पतंगांचे मीलन व अंडी घालणे मुख्यतः रात्रीच घडते, म्हणजे बिघाड नेमका नको त्या वेळी होतो.

त्यामुळे अस्तरासोबत रात्रीचे वायुवीजन बसवलेच पाहिजे. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्या हवेहून थंड झाली की एक्झॉस्ट पंखा सुरू करावा, सकाळी आठ-नऊच्या सुमारास बंद करून खिडक्या लावाव्यात. पंखा उंचावर आणि हवा आत येण्याची जाळी खाली, समोरच्या भिंतीत असावी. पंख्यामुळे खवल्यांची धूळही बाहेर जाते, हा वाढीव लाभ. मांडणीवरील ट्रेची जागाही विचारपूर्वक ठरवावी. नुकतेच भरलेले ट्रे, ज्यांतील अळ्या लहान असून उष्णता कमी सोडतात, ते वरच्या कप्प्यांत ठेवावेत. वाढलेल्या अळ्यांचे ट्रे खालच्या थंड कप्प्यांत, मध्ये हात जाईल इतके अंतर ठेवून मांडावेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटेच केलेले आढळते, कारण जुने ट्रे रोज पाहावे लागतात आणि ते डोळ्यांच्या उंचीवर बरे पडतात.

विदर्भासारख्या कोरड्या हवेत ओली पोती किंवा कूलर यांनी तापमान आणखी खाली आणता येते. आडुतुरैच्या दमट हवेत हा मार्ग जवळपास बंद आहे आणि तेथे सारी भिस्त छतावर राहते. कोरड्या भागातही कूलरचा झोत थेट ट्रेवर येऊ देऊ नये. ओलसर बाजरीच्या भरड्यात बुरशी आणि कोळी फार लवकर वाढतात.

सिमेंटच्या स्लॅबखाली कार्यशाळा असेल तर गणित बदलते. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि ते संध्याकाळनंतर खोलीत सोडतो. त्यावर खालून थर्मोकोल लावण्यापेक्षा वरून आच्छादन करणे अधिक परिणामकारक, कारण मग स्लॅब तापतच नाही. गच्चीवर उपड्या मडक्यांचा थर देऊन मधील जागा चुन्याच्या कोब्याने भरण्याची पद्धत दक्षिणेत आणि गुजरातेत रूढ आहे. स्लॅबची वजन पेलण्याची क्षमता मात्र जाणकाराकडून आधी तपासून घ्यावी. मराठवाड्यातील मातीचे माळवद किंवा तंजावर भागातील विटा-चुन्याची जुनी गच्ची ज्यांच्या घरी शाबूत आहे, त्यांनी छतावर खर्च करण्याचे कारण नाही. केवळ आतून फटी बुजवून, माती गळू नये म्हणून खाली घट्ट ताणलेले जाड कापड किंवा बोर्ड लावावा.

मोजमाप कसे ठेवावे

किमान-कमाल तापमापक दोन घ्यावेत. एक छताच्या लगेच खाली आणि दुसरा मधल्या कप्प्यातील ट्रेच्या उंचीवर टांगावा. छत बदलण्यापूर्वी किमान एक आठवडा आणि नंतर एक आठवडा दोन्हींची नोंद ठेवावी. दोन तापमापकांतील दुपारचा फरक चार-पाच अंशांहून अधिक राहत असेल तर छतातून अजून उष्णता उतरते आहे. फरक नाहीसा झाला, पण दोन्ही रात्री ३० अंशांवरच अडून राहत असतील, तर दोष वायुवीजनात आहे.

कार्डाची गुणवत्ता तापमापकाने कळत नाही. त्यासाठी प्रत्येक घाण्यातील एका कार्डाचा तुकडा कापून काचेच्या नळीत ठेवावा. कीटक बाहेर पडल्यावर भिंगाखाली १०० काळी अंडी मोजून किती अंड्यांना बाहेर पडण्याचे गोल छिद्र आहे ते लिहावे. मेलेल्या कीटकांपैकी नर व मादी ओळखणे थोड्या सरावाने जमते. नराच्या शृंगिकांवर लांब केस असतात, मादीच्या शृंगिका टोकाकडे गदेसारख्या फुगीर असतात. मे महिन्यातील घाण्यात नरांचे प्रमाण जानेवारीच्या तुलनेत ठळकपणे वाढलेले दिसले, तर ते कार्ड शेतकऱ्यास देऊ नये.

पत्र्यावरील झापे व तणस कावेरी खोऱ्यात सप्टेंबरअखेर उतरवून ठेवणे इष्ट असते. ऑक्टोबरपासून तेथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि नोव्हेंबर २०१८ मधील 'गज' चक्रीवादळासारख्या प्रसंगी सैल बांधलेला थर पत्र्यासकट उडून जाण्याची भीती असते. महाराष्ट्रात हेच काम मृगाच्या आधी करावे लागते. उतरवलेले तणस पुढील वर्षासाठी कार्यशाळेच्या भिंतीला लागून रचून ठेवू नये. ते गोठ्याकडे न्यावे किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे.